दहा थाऊ

बऱ्याच दिवसांपासून हे लिहायचं मनात होतं. मामा गेले तेव्हाच लिहायला हवं होतं खरं तर, पण त्यांची वही हातात यायला वेळ लागला आणि आल्यावर ती वाचता यायला त्याहून जास्त. घरातल्यांना अर्धी गोष्ट ठाऊक आहे. उरलेली अर्धी मलाही आत्ताआत्ता कळली.

मामा आलापल्लीला मिस्त्री होते. आमच्याकडे मिस्त्री म्हणजे गवंडी नव्हे, गाड्यांचा. आलापल्ली आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, पण २६ ऑगस्ट १९८२ च्या आधी हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्हाच होता, आणि त्याच्याही आधी नुसता चांदा. चंद्रपूरहून आलापल्ली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तिथून पुढे एक रस्ता भामरागडला, एक सिरोंचाला. गडचिरोली जिल्ह्यात आगगाडी म्हणाल तर ती उत्तरेला वडसा देसाईगंजला शिवून जाते, तेवढीच. आलापल्लीच्या बाजूला रूळ कधी आलेच नाहीत. म्हणजे जे काही जायचं-यायचं ते रस्त्याने, आणि रस्ता म्हणजे आठ महिन्यांचा. पाऊस लागला, नाले भरले, की जो जिथे आहे तिथे.

मामांच्या वहीत गाड्यांची नावं नाहीत, नंबर आहेत. प्रत्येक नंबराखाली तारीख आणि मग आकडे. "१-३, २-४, ३-३, ४-५." मी आधी समजलो हिशेब असावा. हिशेबच होता, पण पैशांचा नव्हता. चार सिलिंडरांची झीज होती ती, इंचाच्या हजारांशात. त्याला वर्कशॉपच्या भाषेत थाऊ म्हणतात. दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. हा पाव मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडा इतिहास, कंटाळा न करता ऐका.

या जंगलातून सागवान बाहेर जातंय ते फार जुन्या काळापासून. 'सीपी टीक' म्हणून जो माल देशभर ओळखला जातो त्यातला मोठा वाटा इथला. कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत, आज लोक त्यांचे फोटो काढायला जातात, पण ते तिथे आले ते ओंडके ओढायला. हत्तीने ओंडका रस्त्यापर्यंत आणायचा आणि पुढे मोटारीने डेपोपर्यंत न्यायचा, अशी वाटणी. १९४५ साली बल्लारपूरची पेपर मिल स्थापन झाली आणि मग बांबूच्याही गाड्या सुरू झाल्या. म्हणजे जंगल आणि रेल्वे यांच्यामधला सगळा दुवा पेट्रोल-डिझेलच्या इंजिनांवर, आणि ती इंजिनं खड्डे, धूळ आणि नाल्यातलं पाणी खाऊन झिजणार हे ठरलेलं.

मामांचे उस्ताद त्यांच्या आधीच्या पिढीतले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाड्या बहुतेक शेवरोले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता, १९५४ ला तो बंद झाला. त्या काळच्या शेवरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग म्हणजे रॉडच्या खालच्या डोळ्यात ओतलेली मऊ पांढरी धातू. कथील, अँटिमनी, तांबं यांचं मिश्रण. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये काढलेलं म्हणून त्याला बॅबिट म्हणायचे, आमच्याकडे वाइट मेटल. ती झिजली की काय करायचं? जुनी वितळवून काढायची, कोळशावर पळीत नवी वितळवायची, रॉडच्या डोळ्यात ओतायची आणि मग स्क्रेपरने खरवडत खरवडत क्रँकवर बसवायची. क्रँकला निळा रंग लावायचा, रॉड बसवून फिरवायचा, काढून पाहायचं, जिथे निळं उमटलं तिथे उंचवटा, तो खरवडायचा. पुन्हा लावायचं. दिवसभर हेच.

यातली मेख अशी की हे सगळं झाडाखाली होतं. क्रँक थोडा झिजलेला असला तरी चालायचं, कारण बेअरिंगच त्या झिजलेल्या क्रँकच्या मापाचं बनायचं. लेथवाल्याची गरज नाही, शहराची गरज नाही. उस्ताद भट्टी पेटवून बसायचे आणि चार दिवसांनी लॉरी चालू.

मग युद्ध संपलं आणि जीप आल्या. आधी अमेरिकन लष्कराच्या डिस्पोजलमधल्या, नंतर महिंद्राच्या. विलीजचं ते इंजिन चार सिलिंडरचं, बोअर सव्वातीन इंचाला एक सूत कमी, म्हणजे तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच, स्ट्रोक चार पूर्णांक तीन अष्टमांश. सुमारे २,२०० सीसी. पुढे जे सीजे-३बी मॉडेल महिंद्राने वर्षानुवर्षे काढलं (अमेरिकेत ते १९६८ ला बंद झालं, आपल्याकडे चालूच राहिलं) त्यातही बोअर-स्ट्रोक तोच, फक्त इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवले.

जीपच्या या इंजिनात बेअरिंग ओतायचं नसतं. पातळ पोलादी पट्टीच्या अर्धगोल वाट्या असतात, आतून मऊ धातूचा थर दिलेला. शेल म्हणायचं त्यांना. जुने काढा, नवे घाला, खरवडायचं काही नाही. उलट शेलला स्क्रेपर लावणारा मिस्त्री म्हणजे अडाणी. फार सोय झाली असं वाटतं ना? पण शेल कारखान्यातून ठरलेल्या मापातच येतात. स्टँडर्ड, आणि मग दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ. क्रँक झिजून सात थाऊ कमी झाला असेल तर सात थाऊचा शेल जगात मिळत नाही. क्रँक घासून बरोबर दहा कमी करावा लागतो आणि मग दहाचा शेल. पिस्टनचंही तसंच. सिलिंडर झिजून वरच्या बाजूला रुंद आणि अंडाकृती झाला, की तो वीस थाऊ मोठा बोअर करून वीसचाच पिस्टन घालायचा.

आणि हे झाडाखाली होत नाही. क्रँक ग्राइंडर लागतो, बोअरिंग मशीन लागतं, होनिंग लागतं. गोल भोक गोलच पाडणं ही किती अवघड गोष्ट आहे याचा अंदाज आपल्याला नसतो. जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन वर्षानुवर्षे अडून बसलं होतं ते याच कारणाने, सिलिंडर नीट गोल मिळेना आणि वाफ गळायची. जॉन विल्किन्सनने १७७४ साली तोफा कोरण्यासाठी जे यंत्र काढलं, त्याच्या जोरावर वॉटला नीट सिलिंडर मिळाले. म्हणजे बोअरिंग मशीन नसतं तर औद्योगिक क्रांतीही कदाचित रखडली असती. तर आलापल्लीच्या जीपचं काय!

मला या सगळ्यात गंमत वाटते ती ही. इंजिन जसं सुधारत गेलं तसं जंगल शहराला जास्त बांधलं गेलं. उस्तादांचं अर्धं कसब एका पिढीत निकामी झालं. मामांच्या पिढीला वेगळं कसब शिकावं लागलं, आणि ते हाताचं कमी, कागदाचं जास्त होतं. चंद्रपूरला किंवा नागपूरला लेथवर एकदाच जायचं आहे, तेव्हा काय काय न्यायचं, काय करून घ्यायचं, कोणत्या मापात, आणि कुठल्या क्रमाने. एक गोष्ट विसरली की आठवडा गेला.

ही चिठ्ठी कशी बनायची ते वहीवरून नीट कळतं. आधी इंजिन उतरवून खोलायचं आणि प्रत्येक सिलिंडर वरच्या कडेच्या जरा खाली मोजायचा, कारण सगळ्यात जास्त झीज तिथे, रिंग जिथवर पोचते तिथे. एकदा गाडीच्या लांबीच्या दिशेने, एकदा आडवा. मग तळाशी. चारांत जो सगळ्यात वाईट तो बाकीच्या तिघांचं नशीब ठरवणार, कारण चारही पिस्टन एकाच मापाचे हवेत. क्रँकचंही तसंच, एक पिन खराब म्हणून चारही घासायच्या. क्रँकला तडा आहे का ते पाहायला घासलेटात बुडवायचा, पुसायचा आणि खडूची पूड फासायची. तडा असेल तर त्यातून घासलेट झिरपून खडूवर काळसर रेघ उमटते. या जीपमध्ये आणखी एक खोच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे नुसतं हेड नेऊन भागत नाही, सीट आणि गाइडचं काम ब्लॉकवरच. आणि तडा जायचा तो बहुधा तिथेच, व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्यामधल्या अरुंद भिंतीत. तडा गेलेला ब्लॉक आधी बोअर करून घेतला की बोअरिंगचे पैसे पाण्यात. म्हणून वहीत प्रत्येक कामाच्या डोक्यावर एकच शब्द, "तडा?", आणि पुढे बरोबरची खूण.

क्रँक नेतानासुद्धा आडवा टाकायचा नाही, गोणपाटात गुंडाळून उभा बांधायचा. आडवा पडून वाकतो म्हणे. खरं-खोटं इंजिनिअर मंडळींनी सांगावं, मामा मात्र बसमध्ये क्रँक दोन पायांमध्ये उभा धरून बसायचे हे मी स्वतः पाहिलं आहे. लहान मुलाला धरावं तसा.

ट्रकची पानं वेगळी आहेत. टेल्कोने मर्सिडीज-बेंझच्या करारात १९५४ ला ट्रक काढायला सुरुवात केली, १९६९ ला करार संपला आणि पुढे नुसता टाटा राहिला. पुढच्या टाटांच्या इंजिनांची नावं फार सरळ असायची. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर. ६९७ म्हणजे सहा आणि ९७. महिंद्राने नंतर जीपमध्ये घातलेलं प्यूजोचं डिझेल इंजिन एक्सडीपी ४.९०, तेही चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर. नावातच माप. मामांना हे फार आवडायचं. पण तोवर सुटे भाग देशात बनू लागले होते. इंडिया पिस्टन्स १९४९ ची, गोएट्झेच्या रिंगा १९५४ पासून, बायमेटल बेअरिंग्ज १९६१ ची. कागदावर सगळं होतं. कारखाना मद्रासला, कोइमतूरला किंवा पतियाळाला. आपल्याला हवं ते माप नागपूरच्या दुकानात त्या दिवशी असेल का, हा प्रश्न वेगळा.

आणि तिथेच १९६९ चं पान आहे.

गाडी ठेकेदाराची जीप. आधीच्या नोंदीप्रमाणे १९६६ ला बोअर वीसमध्ये झालेला, क्रँक दहामध्ये. १९६९ च्या मे महिन्यात खालून ठोका यायला लागला म्हणून क्रँक काढला. मापं लिहिली आहेत, चार पिना, तीन मेन. त्याखाली "वीसमध्ये साफ होतो." म्हणजे वीस थाऊला घासला की ओरखडे निघून जातात. मग तारीख, "ग्रा. झाले २०." मग दोन ओळी सोडून "शेल २० नाही. ३० आहे." आणि त्यानंतर पान कोरं. वहीत दुसरं एकही पान असं अर्धं सोडलेलं नाही.

यावरून तांत्रिक भाग मला समजला. क्रँक वीसला घासून घेतला आणि मग शेल घ्यायला गेले तर वीसचे नव्हतेच. तीसचे होते. तेव्हा दोन मार्ग. क्रँक परत मशीनवर चढवून तीसला घासायचा, शेल घालायचे आणि गाडी चालू करायची. किंवा वीसचे शेल मुंबईहून येईपर्यंत थांबायचं. तीसला घासला तर क्रँकचं एक आयुष्य फुकट गेलं. स्टँडर्ड, दहा, वीस, तीस, चाळीस, बस. त्यापुढे क्रँक भंगार. नव्या क्रँकची किंमत आणि तो मिळण्याची मारामार त्या काळातल्या माणसालाच ठाऊक. मामा थांबले. मी असतो तर मीही थांबलो असतो असं मला वाटलं आणि मी पान उलटलं.

गेल्या दिवाळीत मामीकडे गेलो तेव्हा सहज विचारलं, हे पान असं का.

मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या साली मी होती ना दिवसांत. पयलंच होतं. गाडी खोलून ठेवली होती. ठेकेदाराचीच गाडी, पण गावात कोणाले काही झालं की तेच घेऊन जात. जून लागला अन् पाणी लागलं." बैलगाडीत घातलं म्हणे. रात्रभर नाल्याच्या अलीकडे बसून राहिले, पाणी उतरायची वाट पाहत. सकाळी पलीकडे गेले तोवर उशीर झाला होता. मामी वाचली.

"जीप असती तं रातीच नाला लागायच्या आत निघालो असतो," ती म्हणाली. "नाही बी असतो. कोण सांगते? पण ह्यांनी मनात धरलं. मले कधी बोलले नाही. मीच एकदा त्या शेवटच्या दुखण्यात म्हटलं, आता सोडा ना जी ते. तं म्हणाले, दहा थाऊसाठी बसलो मी."

आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं की मामीचं पहिलं बाळ गेलं. का आणि कसं हे कोणी विचारलं नव्हतं. त्या काळात बाळं जायची, एवढंच उत्तर असायचं त्याला.

वहीतली १९६९ नंतरची प्रत्येक नोंद वेगळी आहे. हे मला मामीशी बोलल्यावर दिसलं, त्याआधी नाही. आधीच्या पानांवर क्रम असा: माप, ग्राइंडिंग, शेल. नंतरच्या पानांवर: माप, शेल, ग्राइंडिंग. शेलपुढे दुकानातून आणल्याची तारीख, आणि ती नेहमी ग्राइंडिंगच्या आधीची. पिस्टनचंही तेच. जे माप हातात आहे त्या मापाला लोखंड कापायचं. मी कॉलेजात असताना मामा मला म्हणाले होते, "बाबू, लेथवाला इचारत नाही तुले काय पायजे. तू सांगशीन ते तो कापते. अन् कापलेलं वापस लावता येत नाही." मी तेव्हा हे मिस्त्रीचं शहाणपण म्हणून ऐकलं आणि मान डोलावली.

पुढची पानं भराभर संपतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलच्या जीप परवडेनाशा झाल्या, डिझेल आलं. १९७४ ला वनविकास महामंडळ आलं. १९८० नंतर त्या भागाचं नाव वर्तमानपत्रात वेगळ्याच कारणांनी येऊ लागलं आणि ठेकेदार एकेक करून आवरते घेऊ लागले. हा ठेकेदारही गेला, आणि जाताना ती जुनी पेट्रोल जीप मामांना स्वस्तात देऊन गेला. त्याच रस्त्यावरून २०२१ पासून सुरजागडच्या लोहखनिजाचे अवाढव्य ट्रक धावतात. त्यांच्या इंजिनांना हात लावायला संगणक लागतो असं मामेभाऊ सांगतो.

ती जीप घराच्या मागे पत्र्याखाली उभी आहे. तीच, १९६९ ची. मामेभाऊ म्हणतो, "दादा, भंगारवाला बरे पैसे देऊन राहिला, काऊन नाद करता?" त्याचंही चूक नाही. घर त्याला चालवायचं आहे, नाद मला करायचा आहे, तोही पुण्यात बसून. पण मामी नाही म्हणाली, त्यामुळे विषय संपला.

तर यंदा इंजिन उतरवलं. शेवटची नोंद १९७७ ची आहे, बोअर चाळीस, क्रँक तीस. आम्ही मोजलं, मामांच्याच मायक्रोमीटरने आणि मग खात्री म्हणून चंद्रपूरच्या एका लेथवाल्याकडे डायल गेजने. त्यांचा आकडा आणि नवं माप यांचा मेळ बसला, फक्त मधल्या वर्षांची झीज वाढलेली. चाळीसच्या पुढे बोअर करण्यात अर्थ नाही, भिंत पातळ होते. म्हणजे चारही सिलिंडर मोठे करून त्यात नव्या स्लीव्ह ठोकायच्या आणि त्या आतून परत स्टँडर्ड मापाला आणायच्या. ब्लॉक पुन्हा कोरा, १९६६ च्या आधी होता तसा. क्रँकचं तसं नाही. तो तीसवरून चाळीसला जाईल, आणि हे त्याचं शेवटचं घासणं. त्या वेळी मामांनी वीसवर थांबून जे वाचवलं होतं ते हेच. आज तो क्रँक वापरता येतोय तो त्या दहा थाऊंमुळे. हे मी मामीला सांगितलेलं नाही.

ब्लॉकचा तडा तपासला, नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट सीटपाशी शंका होती, ती डाय लावून पाहिल्यावर फिटली. चिठ्ठी मी लिहिली, वही समोर ठेवून, त्याच क्रमाने. पिस्टन स्टँडर्ड, मिळाले. मग चाळीसचे शेल. ते मात्र चंद्रपूरला नाहीत, नागपूरला नाहीत. लेथवाला भला माणूस, म्हणाला क्रँक देऊन ठेवा, मी घासून ठेवतो, शेल काय आज ना उद्या येतातच. मी म्हटलं, नको. क्रँक तोवर मामांच्या खोलीत, गोणपाटात, भिंतीला टेकून उभा.

दिल्लीला कश्मीरी गेटच्या एका दुकानदाराकडे सापडले शेवटी. जुना माल, मेणकागदात. पार्सल मामीच्याच पत्त्यावर मागवलं होतं. काल तिचा फोन आला.

"डबा आला आहे एक. लहानसाच आहे. उघडू काय?"

म्हटलं, उघड, आणि वाट्यांच्या पाठीवर काय आकडा कोरला आहे ते वाच. चष्मा शोधण्यात वेळ गेला. मग तिने एकेक करून सगळ्यांच्या पाठी वाचल्या.

"चाळीसच आहे सगळ्यांवर," ती म्हणाली. "आता ने तो क्रँक."